माळावरचा नवरदेव

हिंजवडीच्या पलीकडे तेव्हा नुसता माळ होता. गवत, खडक, मधूनच बोरीची झुडपं, आणि त्यात चिंकारा. चिंकारा म्हणजे हरणासारखाच प्राणी. शेळीएवढं अंग, तांबूस रंग, आणि भित्रा इतका की आपण नुसतं खोकलो तरी माळाच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभा राहणार. पुण्यातल्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणायचा, "हिंजवडीला हरणं? काहीतरीच काय!" मी म्हणायचे, "ती आधीपासून आहेत. नवीन आपण आहात." माझा स्वभाव तापट आहे. कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि मुलं माझ्या तासाला वेळेवर यायची ती काही विषयाच्या प्रेमापोटी नव्हे, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आमची मुलगी गेली, त्यानंतरच्या थंडीत आम्ही दोघं तिथे पहिल्यांदा गेलो. पाच वर्षांची होती. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बसवत नव्हतं. लोक भेटायला यायचे, चहा प्यायचे आणि "देवाची इच्छा" म्हणून उठायचे. त्यांच्या हातातला कप काढून घ्यावा असं मला वाटायचं. एका रविवारी यांनी स्कूटर काढली, मी मागे बसले. शहर संपलं, पुढे डांबरही संपलं, आणि समोर गवतात एक मादी आणि तिचं पाडस उभं होतं. पाडस आईच्या पोटाखाली डोकं खुपसून ढुशा देत दूध पीत होतं. आम्ही तिथेच मातीत बसलो आणि पोटभर रडलो. मग दर रविवारी जायला लागलो.

मुलीला काय झालं होतं ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. अन्नातला एक घटक तिच्या शरीराला पचवता येत नव्हता. तो साठत साठत मेंदूपर्यंत गेला. आधी ती चालायची विसरली, मग बोलायची. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघायच्या आधीच विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं का?"

नात्यातलंच. माझा नवरा माझा सख्खा आतेभाऊ. लहानपणी मी त्याला "अरे" म्हणायचे, लग्नानंतर "अहो" म्हणायला लागले, आणि फार चिडले की अजूनही "अरे"वर येते. माझ्या आत्यानं मला हौसेनं मागून घेतलं होतं. तिचंच माहेर पुन्हा तिच्या घरात येणार होतं. गोत्रं वेगळी होती, पत्रिका जुळली होती, मग आणखी काय बघायचं? आपल्याकडे अशी गंमत आहे. सात पिढ्यांत संबंध न आलेला परका मुलगा सगोत्र निघाला तर चालत नाही, आणि एका आजीची दोन नातवंडं मात्र बोहल्यावर उभी राहिलेली चालतात. चालतात कसली, कौतुक होतं.

डॉक्टर समजुतीनं सांगत होते. प्रत्येकाच्या रक्तात एखादा दोष झोपलेला असतो. एकाकडूनच आला तर तो झोपलेलाच राहतो. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तोच आला की जागा होतो. नात्यात लग्न झालं की तोच दोष दोन्हीकडून यायची शक्यता वाढते. मला हे सगळं तोंडपाठ होतं, दर वर्षी मीच फळ्यावर काढत होते. दार उघडं होतं आणि आत्या बाहेरच्या बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं अक्षर न् अक्षर ऐकलं. त्या दिवसानंतर ती कुणाच्या लग्नाला गेली नाही. आहेर आमच्या हाती पाठवायची. घरात कुणी स्थळांचं बोलायला लागलं की उठून आत जायची.

माळाचं बेट कसं झालं ते माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. वर्गात मी बेटांवरचे प्राणी शिकवायचे. समुद्रात एखादं बेट असतं, तिथे थोडेसेच प्राणी अडकतात, बाहेरून नवं कुणी येत नाही, आतलं कुणी जात नाही. चार-सहा पिढ्यांत सगळे एकमेकांचे भाऊबहीण होऊन बसतात आणि झोपलेले दोष एकेक करून उठायला लागतात. मुलं विचारायची, "मॅडम, आपल्याला कशाला हे? पुण्याला कुठे समुद्र आहे?" मी त्यांना गप्प करायचे. मग नव्वदनंतर कंपन्या आल्या. आधी खांब रोवले, मग भिंती आल्या, मग काचेच्या इमारती. एका बाजूला दुभाजक घातलेला मोठा रस्ता, त्यावर सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्या नाकाला नाक लावून उभ्या. दुसऱ्या बाजूला कंपाउंड, तिसऱ्या बाजूला टाउनशिप. मधे एवढासा माळ उरला, आणि त्यावर दहा-बारा चिंकारा. पूर्वी रात्री-बेरात्री दूरच्या माळांवरून एखादा नर चालत यायचा, त्यातून रक्त पालटायचं. आता यायला वाटच राहिली नव्हती. समुद्र नाही तर नाही, भिंतीनंही काम भागतं.

त्यात माणसांचं प्रेम उतू चाललेलं. कंपन्यांतली तरुण मंडळी शनिवारी टी-शर्ट घालून यायची. कुत्री आत शिरतात म्हणून त्यांनी उरलेल्या चौथ्या बाजूलाही तारेचं कुंपण घातलं आणि पाण्याचं टाकं बांधलं. मन लावून करायची पोरं, निम्मी तर विदर्भातून आलेली, सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून घमेली उचलायची. मी त्यांना म्हटलं, "अरे बाबांनो, होती तीही वाट बुजवलीत." ती म्हणाली, "मॅम, बट दे आर सेफ नाऊ!" मी कपाळाला हात लावला.

यांचा कारखाना पिंपरीला होता. तिथे स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा स्वेच्छा कुणालाच नव्हती, निवृत्ती मात्र सगळ्यांना मिळाली. मग हे रोजच माळावर जायला लागले. एका संध्याकाळी आले ते चपला न काढताच आत्यासमोर जाऊन बसले. म्हणाले, "आई, आज एक पाडस जन्मलं. मागचे पाय वाकडे आहेत. उभं राहतं आणि पडतं. मादी त्याला चाटते, दोन पावलं पुढे जाते, परत येते." मी स्वयंपाकघरात होते, कान तिकडेच होते. आत्या म्हणाली, "गेल्या वर्षीचं?"

"तेही गेलं. त्याआधीचं मेलेलंच जन्मलं."

"मग बाहेरचा नर का आणून देत नाही रे कुणी त्यांना?"

"असं सोपं नसतं, आई."

"सोपं कशाला असायला हवं? तुम्ही शिकलेली माणसं ना? आणा की मग!"

त्या रात्री ती जेवली नाही. आणि त्यानंतर तिनं हा ध्यासच घेतला. एरवी देवाकडे काही न मागणारी बाई, पण त्या माळावर एक धड पाडस जन्मलेलं तिला या डोळ्यांनी बघायचं होतं. कशासाठी, ते घरात तिघांनाही कळत होतं आणि तिघांपैकी कुणीही बोलत नव्हतं.

चिंकारा कायद्यानं वाघाइतकाच जपलेला. त्याला एका माळावरून दुसऱ्या माळावर न्यायचं तर वरपर्यंत परवानगी लागते. नाकी नऊ आले. एक साहेब म्हणाले, "दहा-बारा आहेत ना? मग काय अडचण आहे?" मी म्हटलं, "आपल्या घरात दहा-बारा माणसं असतील. त्यांतच लावा सगळी लग्नं." ते चिडले, वर्षभर काही हललं नाही. मग त्यांची बदली झाली आणि तिथे एक तरुण अधिकारी आला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, जनावरांच्या एका डॉक्टरांना गाठलं, आणि स्वतः कागदामागे लागला. आत्या रोज संध्याकाळी विचारायची, "आली का गं परवानगी?" वर्षं गेली, तिचे गुडघे गेले, पण विचारायचं काही सोडलं नाही.

परवानगी आली तेव्हा लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्याकडच्या माळावरचा एक तरणा नर ठरला. शहराच्या या टोकाचा कळप आणि त्या टोकाचा कळप, मधे आख्खं पुणे. दोन्हींचं रक्त निराळं.

आधी गावाला सांगायला हवं होतं. गाव म्हणजे माळाच्या कडेला उरलेली पन्नासएक घरं, जमिनी विकून झालेली, दारात चारचाकी उभी असलेली, पण बोली तीच. देवळात मंडळी जमली. मी शास्त्रातलं सांगायला लागले तर सगळ्यांचे चेहरे कोरे. तेव्हा मी म्हटलं, "हे बघा, एकाच भावकीत किती दिवस सोयरिकी करणार? बाहेरगावचा नवरदेव आणायचा आहे." लगेच सगळ्यांना कळलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक धीट म्हातारी म्हणाली, "पर बाई, आमच्यात मामाची पोरगी चालती की!"

देऊळ हसलं. मी म्हटलं, "माणसांचं मला विचारू नका हो." हे उठून बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले.

त्या दिवसापासून तो नर नवरदेवच झाला. स्कूटर दिसली की बायका विचारायच्या, "बाई, नवरदेव कवा येतोय?" कंपनीतली पोरंही म्हणायची, "मॅम, दूल्हा कब आ रहा है?" मी घरी येऊन हे सगळं आत्याला सांगायचे. ती हसायची. कित्येक वर्षांत त्या घरात लग्नाच्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं.

डॉक्टरांनी यांना आणि मला बजावून ठेवलं होतं. चिंकारा मार लागून मरत नाही, भीतीनं मरतो. पकडताना तो एकदा घाबरणारच, त्यावर पुन्हा घाबरला तर काळीज थांबतं. अंधारी पेटी, डोळ्यांवर पट्टी, आणि जराही आवाज नाही. उजाडायच्या आत माळावर पोचायचं, पेटीचं दार उघडायचं आणि निघून यायचं. गावाला आम्ही काहीच कळवायचं नाही असं ठरलं.

पण गावाला कळलंच. आणि गाडीलाही उशीर झाला. पकडायलाच उजाडलं. पुढे शहर ओलांडून हिंजवडीच्या तोंडाशी आलो तो ऑफिसची वेळ. पुढे बस, मागे बस, बाजूला बस. हॉर्नांचा नुसता कल्लोळ. हे पेटीवर हात ठेवून टेम्पोत मागे बसले होते. मी उतरून एकेका बसच्या ड्रायव्हरला हात जोडत गेले. हो, मी हात जोडले. एकानं विचारलं, "पेशंट हाय का आत?" मी हो म्हटलं. त्यानं आपली बस कडेला घेतली, पण तेवढ्यानं काय होणार?

माळाच्या वळणावर आलो. सगळं गाव रस्त्यावर होतं. बायका नव्या साड्या नेसून, हातात औक्षणाची ताटं घेऊन. कंपनीतल्या पोरांनी कापडी फलक धरलेला. पुढे हलगी आणि ताशा. टेम्पो दिसला आणि वाजंत्री सुरू झाली.

मी उडी मारून धावले. "बंद करा! बंद करा ते!" ओरडत होते, पण त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? त्यांना वाटलं, बाई आनंदानं हात हलवतायत. ते आणखी जोरात वाजवायला लागले. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. कॅमेऱ्यांचे दिवे लखलखले. वनखात्याचा तो तरुण अधिकारी एकेकाच्या हातातली टिपरी हिसकावून घेत होता, तेव्हा कुठे वाजणं थांबलं.

मग एकदम सगळं शांत झालं. टेम्पोतून यांचा आवाज आला. मला नावानं हाक मारली यांनी, लग्नानंतर कधी मारली नव्हती अशी. पेटीतून आधी धडपड ऐकू येत होती म्हणे. मग थरथर. मग तीही नाही. डॉक्टरांनी दार उघडून आत हात घातला, बराच वेळ छातीवर हात धरून बसले, आणि मान हलवली. त्याच्या डोळ्यांवरची पट्टी यांनी सोडली. डोळे उघडेच होते. इतक्या जवळून चिंकारा मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. कानाच्या आतले केस पांढरे होते आणि नाकपुडीला फेस आला होता.

मग मी काय बोलले, ते सगळं मला आठवत नाही, आणि आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. अक्कल काढली, आईबाप काढले, गावाची आणि कंपन्यांची सात पिढ्यांची खरडपट्टी काढली. ती धीट म्हातारी ओवाळणीचं ताट घेऊन तशीच उभी होती, निरांजन अजून तेवत होतं. "बाई, आम्ही चांगल्यासाठी केलं वो," म्हणाली आणि रडायला लागली. ती रडली तशा बाकीच्या रडल्या. टी-शर्टवाली एक मुलगी रस्त्याच्या कडेला बसून हुंदके देत होती. तरी मी थांबले नाही. शेवटी हे खाली उतरले आणि मला दंडाला धरून बाजूला नेलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. दुसऱ्यांदा परवानगी मिळाली नाही. वरचे म्हणाले, एक मारलात, पुरे झालं. त्यांचंही चूक म्हणवत नाही. माळावर त्यानंतर एकही पाडस जगलं नाही. कळप एकेकानं कमी होत गेला. शेवटी एकच मादी उरली. ती कुंपणाच्या कडेकडेनं चालायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा मागे. मग एका उन्हाळ्यात तीही दिसेनाशी झाली. यांनी तिला महिनाभर शोधलं. पाण्याचं टाकं आहे अजून, कंपनीवाले दर वर्षी रंगवतात.

त्या दिवशी आम्ही संध्याकाळी घरी आलो. जिना चढताना माझ्या लक्षात आलं की आत्याला सांगायचं आहे. यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दार उघडंच होतं. आत्या खुर्ची पुढे ओढून दाराकडे तोंड करून बसली होती. केस नीट विंचरले होते.

"आला का गं?"

मला गोड करून सांगता येत नाही. "मेला," मी म्हटलं.

"कशानं?"

"वाजंत्रीनं. गावानं वरात काढली. भीतीनं मेला बिचारा." आणि माझा पुन्हा बांध फुटला. "आनंद झाला होता म्हणे मेल्यांना! चांगल्यासाठी केलं म्हणे!"

"तू काय म्हणालीस त्यांना?"

"काय म्हणणार? तोंडाला येईल ते बोलले. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या तरी बोलत होते."

"बरं केलंस."

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसेल. हे चपला हातात घेऊन दारातच थांबले.

"बरं केलंस," आत्या पुन्हा म्हणाली. "तुझं बोलून झालं, त्यांचं रडून झालं. आज झोप तरी लागेल त्या बायकांना." तिचे हात मांडीवर होते, ते एकमेकांत घट्ट धरलेले. "मला कधी बोलली नाहीस तू. पोरीला घेऊन डॉक्टरांकडून घरी आलो, तेव्हापासून वाट बघतेय. म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. आख्ख्या पेठेला बोलतेस. दूधवाल्याला बोलतेस. आणि मला गरम पोळी वाढतेस, गुडघ्याला तेल लावून देतेस, आणि गप्प बसतेस. एकदा तरी बोलायचं होतंस गं मला."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. खरं तर तोंड मिटूनच ठेवणार होते. म्हातारी बाई, काय बोलायचं तिला? माझ्या बापाची बहीण. पण बोलायला लागले की माझं मला आवरत नाही.

"का मागून घेतलंस गं मला?" मी म्हटलं. "दुसरी मुलगी नव्हती का जगात?"

आत्यानं डोळे मिटले. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, पण चेहरा सैल झाला होता.

"हं," ती म्हणाली. "बोल. अजून बोल."